खडकावरचा जावई

आमचा न्हवं म्हनतो? सोनारीचा पाटील म्हनतो, सुभाना आमच्या गावचा न्हवंच? त्येला म्हनावं, लाज हाय का जरा. सोनारीचं पानी पिऊन वाढला, सोनारीच्या म्हशी राखल्या, सोनारीच्या पारावर झोपा काढल्या. लग्नाची बोलनी झाली तवा ह्योच पाटील मिशीला पीळ देऊन म्हनला व्हता, "आमचा सुभाना म्हंजी सोन्याचा तुकडा." आता तुकडा खडकावर जाऊन बसला, तर आमचा न्हवं?

तू गप बस, बयाजी. तू नावाडी. पान्यावरचा मानूस, तुला दोन्ही काठ मोकळं हायती. तू निसता निरोप आनलास, तुझ्यावर राग न्हाई. पर निरोप आनलायस तर जबाब बी घिऊन जा. आनि जबाब कळायचा तर सगळं मुळापास्नं ऐकावं लागंल. घे, तमाकू घे आनि ऐक.

सोनारी गावात एक भोळा गडी व्हता. सोनारीत. हे आधी कानात घाल. त्येचं नाव सुभाना. अंगानं रेडा, मनानं वासरू. त्येला म्हनलं दाराकडं लक्ष ठेव, तर दिवसभर दाराकडं बघत बसायचा, आनि मागच्या खिडकीतनं मांजर येऊन दूध पिऊन जायचं. मांजराचं कुनी सांगितलं न्हवतं न्हवं.

असल्या गड्याला आमची सगुना दिली. माझी धाकटी भन. का दिली ते इचारू नको. आमचा बा म्हनला, जावई भोळाच बरा, पोरीवर हात तरी उचलनार न्हाई. ते मातर खरं निघालं. सगुना एकदा म्हनली, पाय दुखतोय. तर ह्येनं तिला खांद्यावर घिऊन सगळा बाजार केला. लोक हसलं. सगुना वरनं वांगी निवडत व्हती.

मग पयलं बाळतपन. ते म्हायेरातच व्हनार. सगुना नदी उतरून आमच्या रुईगडाला आली. पोरगी झाली. आनि त्याच आठवड्यात दोन्ही काठच्या राजांचं वाजलं. कशावरनं? ह्येच्या घोड्यानं त्येच्या घोड्याला लाथ मारली. दोन्ही घोडी त्याच सांजेला एका गव्हानीत कडबा खात व्हती. राजं मातर अजून बोलत न्हाईत.

फर्मान निघालं. ज्या काठचा मानूस त्या काठाला. पोरगी पडली रुईगडच्या मातीवर, म्हंजी ती रुईगडची रयत. रयतेनं नदी ओलांडायची न्हाई. तान्ह्या पोरीला टाकून आई कशी जाईल? आई-लेक अल्याड, बाप पल्याड.

आमी पाळना सजवून ठिवला. पर आमच्यात बाप वेशीत असल्याबिगर पोराचं नाव ठिवत न्हाईत. बारसं तटलं. मग एकच वाट उरली. सुभानानं रुईगडची रयत व्हायचं.

ते तसं काय अवघड न्हवतं. कारभाऱ्याच्या दारी जाऊन अर्जी सांगायची. कारभारी चावडीत काय-बाय इचारतो. चार दिस गावात राहून दाखवायचं. मग वेशीवरच्या देवीपुढं बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची, झालं. निकाल लागंस्तोवर गावात ऱ्हायला मुभा. माझ्या देखत एक ठार बहिरा रयत झालाय. एक तर बसल्या जागी डुलक्या घेत झाला. कारभाऱ्याला वाटलं, मान हलवतोय.

सुभाना आला. मी म्हनलं, "दाजी." जावई पडला, 'तुमी' म्हनावं लागतं. तोंडात 'तुमी' आनि पोटात दुसरंच.

"दाजी, कारभाऱ्याच्या दारात रडत जा. बायको-लेकराचं नाव घ्या. रडनाऱ्या गड्याला बघून दगडाला बी पाझर फुटतो."

"किती रडू?"

"पोटभर."

"बरं."

गेला. तर कारभाऱ्याच्या दारात मांडव. लेकीला हळद लागत व्हती. सनई चाललीया, नवऱ्याकडची मानसं जाजमावर ऐसपैस बसल्याली. ह्येनं मांडवाच्या मेढीला मिठी मारली आनि भोकाड पसरलं.

"माझी बायकू... माझं लेकरू... माझं मला परत द्या."

सनई थांबली. नवऱ्याचा मामा उठला. म्हनला, "कुनाची बायको? कुनाचं लेकरू?"

आमचं घर कारभाऱ्याच्या वाड्यामागं. ह्येनं त्या अंगाला बोट केलं. मधी हळदीचा पाट. पाटावर नवरी.

"ती बघा, तिथं बसलीया," ह्यो म्हनला. "ही लोकं मला भेटू देत न्हाईत."

वऱ्हाड बैलं जुपाय लागलं. कारभाऱ्यानं आपली पगडी मामाच्या पायावर ठिवली, तवा कुठं बैलं सुटली. मग कारभारी आमच्या दाजीकडं वळला. ज्या मेढीला ह्येनं मिठी मारली व्हती, तीच उपसून हानला. मांडव एका अंगानं खाली आला. ते बी ह्येच्याच नावावर.

मी म्हनलं, "दाजी, लोकांत कुनी रडतं का? लोकांत हसायचं. कारभारी काय बी बोलला की हसायचं, मान डोलवायची, 'व्हय जी' म्हनायचं. समजलं?"

"व्हय जी," म्हनला. आनि हसला.

मला वाटलं, समजलं.

लगीन पार पडलं, कारभारी निवला, चावडीत बोलावनं आलं. सुभाना हसत आत गेला. कारभाऱ्यानं रीतीपरमानं इचारलं, "कदी चोरीमारी केलीयास का?"

"व्हय जी."

कारभारी दचकला. "कुठं?"

"व्हय जी."

"अरं, तुला सोनारीच्या राजानं हेर म्हनून धाडलंय का काय?"

"व्हय जी."

"आमचं धान्याचं पेव कुठं हाय, ते बघाय?"

"व्हय जी." आनि मान अशी डोलवतोय जसा काय तमाशाला बसलाय.

"खोड्यात घालीन तुला."

"व्हय जी."

घातला. दोन्ही पाय लाकडात. तरी हसतोय. राखनीचा शिपाई लांब जाऊन उभा ऱ्हायला. म्हनला, एवढा निर्धास्त हसतोय म्हंजी ह्येच्या मागं फौज असनार.

मी घरचा बोकड कारभाऱ्याच्या दारी बांधला, हातापाया पडलो, तवा सोडला. त्यो बोकड मी दसऱ्याला धरला व्हता. ते असू दे.

"दाजी, असल्या इचारन्याला 'न्हाई' म्हनायचं. ठासून. छाती पुढं काढून. न्हाई म्हंजी न्हाई."

"हसू का?"

"न्हाई."

"मग रडू?"

"न्हाई."

"मग काय करू?"

"निसतं 'न्हाई' म्हना."

दुसऱ्यांदा चावडी भरली. आता हेर बघायचा म्हनून सगळा गाव लोटला. बायका बी आल्या. सगुना पोरीला घिऊन खांबाशी उभी. कारभाऱ्याला एव्हाना कळलं व्हतं की ह्यो हेर न्हाई, ह्यो दुसरंच काय तरी हाय. त्येनं ठरवलं, सोपं इचारू आनि मोकळं होऊ.

"सुभाना, रुईगड आवडलं का?"

"न्हाई."

"बरं. आमच्या राजाला मानशील न्हवं?"

"न्हाई म्हंजी न्हाई." छाती पुढं.

कारभाऱ्यानं तांब्याभर पानी पिलं. म्हनला, ह्येच्याहून सोपं आता देव बी इचारनार न्हाई. "ही सगुना तुझी बायको न्हवं?"

"न्हाई."

"आनि ही पोर? ही तर तुझी?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

आमची आई खांबाला घसरत खाली बसली. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. मी पायतान काढलं. जावई गेला खड्ड्यात. सगुनानं माझा हात धरला. ती पुढं गेली, आनि पोरगी त्येच्या हातावर ठिवली. पोरीनं मुठीत त्येची मिशी धरली.

सुभाना बघतच ऱ्हायला. म्हनला, "कारभारी, हिचं नाक बघा. माझंच हाय की. कोन म्हनतंय, ही माझी न्हाई?"

"तूच म्हनतोयस, मुडद्या."

"ते शिकवल्यालं म्हनलो. हे माझं मी म्हनतोय."

कारभाऱ्याच्या घरची लेक नुकतीच सासरला गेल्याली. त्येचा बी जीव हलला. म्हनला, "बरं. चार दिस गावात राहा. रुईगडच्या मानसावानी वागून दाखव. मग बघू."

घरी आल्यावर सगुना मला म्हनली, "दादा, आता तू शिकवायचं न्हाई. तू शिकवलंस की त्ये बुडत्यात. मी सांगते." मला राग आला. पर गिळला. ती त्येला म्हनली, "धनी, डोकं लावू नका. गावातला एक मानाचा मानूस बघा, आनि त्यो करंल तसं करा. एवढंच."

"मानाचा कोन?"

"कोन म्हंजी? कारभारी."

हे तिनं सांगितलं हां. मी न्हाई. पाटलाला हे नीट सांग.

सकाळी कारभारी तांब्या घिऊन वढ्याकडं निघाला. मागनं सुभाना तांब्या घिऊन. कारभारी बाभळीआड बसला. ह्यो शेजारी बसला. कारभारी खाकरला, ह्यो खाकरला. कारभारी उठून लांबच्या बाभळीआड गेला. ह्यो बी गेला. त्या दिवशी कारभाऱ्याचं काम काय झालं न्हाई.

चावडीत कारभारी लोडाला टेकला. दुसऱ्या अंगानं ह्यो टेकला. कारभारी एका गड्याला म्हनला, "गाढवा, तुझी गुरं लोकाच्या रानात का?" ह्यो बी म्हनला, "गाढवा, तुझी गुरं लोकाच्या रानात का?" गडी म्हनला, एका गुन्ह्याला दोनदा गाढव ही कुठली रीत?

दुपारी कारभारी वैतागून घरी गेला. सदरा काढला, वसरीवर पालथा पडला. आत हाक मारली, "अगं ए, पाठ लई आखडलीया. जरा तेल लाव."

सुभानानं सदरा काढला, शेजारी पालथा पडला. "अगं ए, पाठ लई आखडलीया. जरा तेल लाव."

कारभारीन तेलाची वाटी घिऊन भायेर आली. एक पाठ बघितली. दुसरी पाठ बघितली. बाई तोंडाची फटकळ. म्हनली, "एकाला चोळून माझं हात मोडलं, आता ह्यो दुसरा कुठनं आनलासा?"

कारभाऱ्यानं वळून बघितलं. तसाच उठून काठी हुडकाय लागला. सुभाना बी काठी हुडकाय लागला. कारभाऱ्यानं ह्येच्या खांद्यावर एक ठिवून दिली. ह्येनं कारभाऱ्याच्या खांद्यावर एक ठिवून दिली. त्याच जागी, तेवढ्याच जोरात.

कारभारीन हसून हसून खाली बसली. तेल सांडलं. म्हनली, "अहो, ह्येला आजच्या आज रयत करून टाका. न्हाईतर रातच्याला ह्यो कुठं झोपाय येईल, त्येचा इचार करा."

कारभाऱ्यानं इचार केला. चार दिस गेलं वाऱ्यावर. दिवस मावळायच्या आत गुरवाला निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी वेशीवर हलगी लागली. सगळा गाव जमला. देवीपुढं बेलाचं पान, त्येच्यावर भंडारा. कारभाऱ्याचा खांदा सुजल्याला, पर मानूस समजूतदार. त्येनं सुभानाला बाजूला घेतलं. म्हनला, "हे बघ, आजवर कुनी काय शिकवलं ते सगळं इसर. रडनं, हसनं, व्हय, न्हाई, माझी नक्कल, सगळं. ही शपथ तेवढी धर. हिच्यातला शब्द न शब्द पाळायचा. पाळला तर तू रयत."

मला वाटलं, पयल्यापास्नं हेच सांगाय पायजे व्हतं.

गुरव सांगंल तसं सुभाना बोलाय लागला. ही माती माझी आई. हिचं मीठ खाईन, हिला जागीन. मधीच कुत्रं आलं. गुरव म्हनला, "हाड." ह्यो हात जोडून म्हनला, "हाड." देवीनं चालवून घेतलं. मग शेवटचं कलम. "पल्याडच्या मानसाला ह्या मातीवर पाय ठिवू देनार न्हाई. सगा असो का सोयरा, दिसंल तिथं धरीन आनि नदीपार करीन."

ह्यो बोलला. स्पष्ट. एक अक्षर चुकला न्हाई.

भंडारा कपाळाला लागला. कारभारी म्हनला, सुभाना रुईगडची रयत. हलगी कडाडली, गूळ वाटला. सगुना रडली. तिला कुनी रडाय सांगितलं न्हवतं. मी दाजीला खांद्यावर घिऊन घरी आनला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला त्यो मानूस आवडला.

लगेच बारसं. पाळन्याला फुलं बांधली, बायका गाया लागल्या. खरी आत्या पल्याड अडकलेली, म्हनून शेजारनं एक उसनी आत्या आनली. ती पोरीच्या कानाशी तोंड नेनार, एवढ्यात सुभानाचा आवाज आला. त्यो जोत्यावर गूळ खात बसला व्हता. चघळायचा थांबला.

"मेव्हनं."

"काय?"

"गावात पल्याडचा एक मानूस शिरलाय."

मी काठी उचलली. मी बी रयतच हाय. "कुठं हाय?"

"हितंच."

"कोन त्यो?"

"सोनारीचा हाय. म्हशी राखायचा. नाव सुभाना."

असं म्हनला, आनि उजव्या हातानं स्वतःची मानगूट धरली. "चल," म्हनला स्वतःलाच. मग बारीक आवाजात म्हनला, "अहो पर माझ्या पोरीचं बारसं हाय." मग परत मोठ्यानं, "सगा असो का सोयरा. चल म्हनतो ना." आनि निघाला.

सगुना धावली. "धनी, आता तुमी हितलंच की."

"हितला हाय म्हनून तर धरलाय," म्हनला. "हितला नसतो तर सोडला असता."

कारभारी आडवा आला. म्हनला, "अरं सोड त्येला."

"शब्द न शब्द म्हनलासा न्हवं?"

कारभारी बाजूला झाला. देवीपुढची शपथ खोटी म्हनायची कशी, सगळा गाव उभा. आमी पाच-सा जन त्येला वढत व्हतो. न्हाई आवरला. आमी एकाच मानसाला वढत व्हतो, आनि त्यो दोघांच्या ताकदीनं चालला व्हता. गेला नदीत.

पवत सोनारीच्या काठाला लागला. तिथल्या चौकीवाल्यानं दरडावलं, कोन? ह्यो म्हनला, "रुईगडचा मानूस. तुमच्या सोनारीचा एक जन आत शिरला व्हता, घिऊन आलोय. ताब्यात घ्या." चौकीवाला म्हनला, रुईगडच्या रयतेनं हितं पाय ठिवायचा न्हाई. ह्यो म्हनला, "मी न्हाई ठिवत. ह्यो ठिवतो." त्यांनी दोघांना बी परत पान्यात ढकललं.

तवापास्नं त्यो नदीच्या मधल्या खडकावर हाय. एक हात मानगुटीवर. भाकरी तूच नेतोस, तूच बघितलंयस. अर्धी कैद्याला, अर्धी शिपायाला. शिपायाची अर्धी जरा मोठी. मी काठावरनं वरडलो तर म्हनतो, "मेव्हनं, तुमचं ऐकलं की मी खोड्यात जातो." सगुना पोरीला वर धरून दाखवती. त्यो बघतो, डोळं पुसतो, मग स्वतःलाच दटावतो, "कैद्यानं तिकडं बघायचं न्हाई."

पाळन्याची फुलं वाळली. उसनी आत्या रोज येती, जेवती आनि जाती. पोरीला कुनी ठमी म्हनतं, कुनी चिमी म्हनतं, आमची आई तर निसतं "अगं ए" म्हनती. आनि आखाडात त्यो खडक पान्याखाली जातो. तुला सांगाय नको.

आनि अशा वक्ताला तुझा पाटील निरोप धाडतो, त्यो आमचा न्हवंच म्हनून. आमचा कदी न्हवताच म्हनून.

थांब.

काय म्हनला त्यो? परत सांग. "सुभाना सोनारीचा न्हवं, कदी न्हवताच." असंच म्हनला न्हवं? चार मानसांत म्हनला? पारावर बसून, पाटील म्हनून म्हनला?

सोनारीचा कोन आनि कोन न्हवं, हे सोनारीचा पाटीलच सांगनार. आनि सोनारीचा न्हवंच, तर सुभाना मानगूट कुनाची धरनार? माझं तर त्यो ऐकतच न्हाई.

तमाकू थुक. नाव सोड. खडकाला लाव आनि पाटलाचा निरोप त्येच्या तोंडावर सांग. शब्द न शब्द. तुझ्या पदरचं एक अक्षर घालू नको. ऊठ.